१.८ जीबीची फाइल ६४ जीबीच्या मशीनला का झेपेना?

दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. त्या रात्री तो झाला नाही. सकाळी उत्पादकांच्या मोबाइलवर जो संदेश गेला, त्यात नेहमीचेच शब्द होते: ‘काही तांत्रिक कारणामुळे’. बँकेचा, वीजबिलाचा, शिष्यवृत्तीचा असा संदेश तुम्हालाही कधी ना कधी आला असेल. आपल्याला वाटतं, कुणीतरी हॅक केलं असेल, नाहीतर सर्व्हर जळाला असेल. पुष्कळदा कारण याहून फार साधं असतं. एक मोठी फाइल मशीनच्या घशात अडकलेली असते.

ती फाइल ज्या सॉफ्टवेअरमध्ये अडकली ते आमच्या टीमचं. दूध संघ कुठला ते जाऊ द्या. फाइलचं वर्णन मात्र करतो. सुमारे तीन लाख उत्पादक, सकाळ-संध्याकाळ मिळून रोजच्या दोन नोंदी, दहा दिवस. म्हणजे साठेक लाख नोंदी. प्रत्येक नोंदीत नाव, केंद्र, तारीख, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), दर. एका नोंदीला साधारण ३०० बाइट धरले की झाली १.८ जीबी. पेन ड्राइव्हवर सहज मावेल एवढीच. आणि तरीही तिनं सर्व्हर आडवा केला. एकदा नाही, दोनदा.

मधला माणूस

दूध संघाचं सॉफ्टवेअर एका पद्धतीनं हिशेब लिहितं, बँकेचं दुसऱ्या. दोघांनाही आपली पद्धत सोडायची नसते. मग मध्ये एक तिसरं सॉफ्टवेअर बसवतात. ते इकडची फाइल उचलतं, तिकडच्या भाषेत लिहितं आणि पोचवतं. थोडा दुभाषी, थोडा हमाल. यालाच इंटिग्रेशन सॉफ्टवेअर म्हणतात. या धंद्यातली दोन प्रसिद्ध नावं म्हणजे ॲपाची कॅमल आणि म्यूल. एक उंट, दुसरं खेचर. नाव ठेवणाऱ्यांना कामाचं स्वरूप नेमकं कळलं होतं.

ही दोन्ही जावा या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालतात, म्हणून पुढचे आकडे जावाचे आहेत. दुखणं सगळ्या भाषांत सारखंच.

ओटा आणि कोठी

मशीनमध्ये माल ठेवायच्या दोन जागा. डिस्क म्हणजे कोठीची खोली: मोठी, स्वस्त, पण तिथं काही चिरता-भाजता येत नाही. रॅम, म्हणजेच मेमरी, म्हणजे स्वयंपाकाचा ओटा: लहान, महाग, पण सगळं काम तिथंच. जावा सुरू होताना त्या ओट्यावर आपल्यापुरती जागा आखून घेतं. तिला हीप म्हणतात. वेगळं काही सांगितलं नसेल, तर सर्वसाधारण सर्व्हरवर ही मर्यादा एकूण रॅमच्या चौथ्या हिश्श्याची असते.

आमच्या मशीनला ८ जीबी रॅम होती. हीप कुणी ठरवलाच नव्हता, म्हणजे तो २ जीबीचा. फाइल १.८ जीबीची. संघाच्या कॉम्प्युटर विभागातल्या साहेबांनी फोनवर विचारलं, “दोनात एक पूर्णांक आठ बसत नाही का हो?” प्रश्न रास्त होता.

फाइल ओट्यावर आली की फुगते

समजा फॅट आहे ४.२. आमची फाइल एक्सएमएल प्रकारातली, म्हणजे प्रत्येक आकड्याच्या आगे-मागे नावाची चिठ्ठी, तिला टॅग म्हणतात. तीन अक्षरी इंग्रजी टॅगसकट ही ४.२ ची नोंद डिस्कवर १४ बाइट घेते. आता ती जावाच्या मेमरीत आणा. नुसत्या ‘४.२’ या तीन अक्षरांसाठी एक डबी तयार होते २४ बाइटची, आणि त्या डबीच्या आत प्रत्यक्ष अक्षरांची दुसरी डबी, तीही २४ बाइटची. झाले ४८. टॅगची डबी वेगळी, तिला आई-बाप-भावंडांशी जोडणाऱ्या दोऱ्या वेगळ्या. सुपारीएवढ्या ऐवजाला नारळाएवढं वेष्टन.

संपूर्ण एक्सएमएल असं झाडासारखं मेमरीत उभं करण्याच्या पद्धतीला डॉम म्हणतात. लहान फाइलला ती फार सोयीची, कारण कुठल्याही फांदीवर हवं तेव्हा जाता येतं. मोठ्या फाइलला मूळ आकाराच्या कित्येक पट जागा लागते. तेव्हा दोनात एक पूर्णांक आठ बसत नाही, साहेब. अर्धा जीबीसुद्धा बसेल की नाही सांगता येत नाही.

मशीन एका झटक्यात मरतही नाही. जावाकडे एक सफाई कामगार असतो, नको झालेल्या डब्या उचलून जागा मोकळी करणारा. ओटा भरत आला की तो पुन्हा पुन्हा फेऱ्या मारतो, पण उचलण्याजोगं काही नसतं, कारण सगळ्याच डब्या ‘लागणार आहेत’ म्हणून धरून ठेवलेल्या. सफाईची एक पद्धत तर अशी आहे की ९८ टक्क्यांहून जास्त वेळ झाडण्यात जाऊन २ टक्क्यांहून कमी जागा मोकळी होत असेल, तर जावा स्वतःच हात टेकतं. तोवर बाहेरून दिसतं ते एवढंच: सर्व्हर चालू, पंखे जोरात, काम शून्य.

“मग रॅम वाढवा की!”

आम्हीही पहिल्यांदा तेच केलं. रात्रीची वेळ, सकाळी पगार जायचे, क्लाउडवर बटण दाबलं की मोठं मशीन मिळतं. ८ ची ६४ जीबी केली, हीप ४० जीबीचा दिला आणि फाइल पुन्हा सोडली. चार-पाच मिनिटांत परत तीच बोंब: मेमरी संपली. आलेख उघडला तर अर्ध्याहून अधिक हीप मोकळा! गोदाम रिकामं आणि पाटी ‘जागा नाही’.

हा प्रकार उलगडायला पहाट झाली. कारणही फाइलीत नव्हतंच. सहा महिन्यांपूर्वी चाचणीच्या वेळी कुणीतरी एक लॉगची ओळ घातली होती: आलेली फाइल जशीच्या तशी मजकुरात बदलून नोंदवहीत लिही. चाचणीची फाइल एका केंद्राची, ४० केबीची. तिथं ती ओळ निरुपद्रवी होती. खऱ्या फाइलीला मात्र तिनं सांगितलं, १.८ जीबीचा एकच सलग शब्द कर.

आणि जावात एका मजकुराच्या लांबीला मर्यादा आहे. आतली अक्षरं ज्या रांगेत बसतात तिचे क्रमांक २१४ कोटी ७४ लाखांच्या आसपास संपतात, मग रॅम कितीही असो. नुसता इंग्रजी मजकूर असेल तर प्रत्येक अक्षराला एक बाइट पुरतो. ही काटकसर जावा ९ पासून, २०१७ साली आली. त्या हिशेबानं आमची फाइल काठावर का होईना, मावली असती. पण मजकुरात देवनागरीचं एक जरी अक्षर आलं, तरी तो सबंध मजकूर, इंग्रजी टॅगांसकट, दोन-दोन बाइटांनी साठवला जातो. मर्यादा एकदम निम्मी: सुमारे १०७ कोटी ३७ लाख अक्षरं. आमच्या फाइलीत ती १६० कोटींच्या घरात होती.

म्हणजे तीन लाख नावांतला पहिलाच ‘तुकाराम’ आला आणि दार अर्धं झालं. (आमच्या एका सहकाऱ्यानं लगेच सुचवलं, नावं इंग्रजीत मागवू. त्याला गप्प बसवलं. पुढच्या वर्षी फाइल २.२ जीबीची झाली की इंग्रजीही मावणार नाही, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.)

रॅम वाढवण्यात आणखी एक खाच आहे. हीप साधारण ३२ जीबीच्या आत असेल तर जावा आतल्या दोऱ्या आखूड ठेवतं, चार बाइटांच्या. त्यापुढे गेलं की दोऱ्या आठ बाइटांच्या होतात आणि प्रत्येक डबी जाड होते. ३१ वरून ३३ वर नेलेल्या हीपमध्ये आधीपेक्षा कमी माल मावला, असं खरोखर होतं. पैसे जास्त, जागा कमी.

दूध केंद्रावर काय करतात?

याचं उत्तर आम्हाला ज्या धंद्याची फाइल होती त्याच धंद्यात समोर दिसत होतं. गावातलं संकलन केंद्र पाहा. दहा बाय बाराची खोली. सकाळी दीडशे माणसं किटल्या घेऊन येतात. सगळ्यांना आधी खोलीत कोंबून मग मोजायला सुरुवात करतात का? रांग बाहेर असते. एक माणूस पुढे येतो, दूध मापात ओततो, फॅट-एसएनएफ लागतं, पावती निघते, दूध कॅनमध्ये जातं, माणूस बाहेर. पुढचा. दीडशेची दीड हजार माणसं झाली तर वेळ दसपट लागेल, खोली मात्र तेवढीच पुरेल.

याला संगणकाच्या भाषेत स्ट्रीमिंग म्हणतात. फाइल कोठीतच राहते. एक नोंद ओट्यावर येते, तिचं काम होतं, ती पुढे जाते, जागा मोकळी. फाइल केवढी आहे याला मग फारसा अर्थ राहत नाही. एका वेळी हातात किती धरावं लागतं, एवढंच बघायचं.

ही कल्पना अजिबात नवी नाही. एक्सएमएल असं ओघानं वाचणारं सॅक्स १९९८ मध्येच आलं. त्यात वाचणारा ‘हा टॅग आला, हा संपला’ असं ओरडत जातो आणि आपण ऐकत राहायचं. २००४ च्या स्टॅक्समध्ये लगाम आपल्या हातात आला: पुढचं दे म्हटलं की पुढचं मिळतं. कॅमलमध्ये फाइलचे तुकडे करणारी जी पायरी असते, तिला ‘स्ट्रीमिंग’ असा एक शब्द जोडावा लागतो. तो नसेल तर आधी सगळे तुकडे गोळा होतात, मग वाटप. म्यूलच्या चौथ्या आवृत्तीत, सशुल्क प्रकारात, आलेला प्रवाह आपोआप ५१२ केबीपर्यंत मेमरीत राहतो आणि वरचा डिस्कवर उतरवला जातो.

एक-एक नोंद बँकेच्या डेटाबेसला पाठवणंही बरोबर नाही. साठ लाख हेलपाटे होतील. लग्नात जेवायला पाच हजार माणसं असली की आपण पंगती बसवतो. एकेकाला वाढत नाही आणि पाच हजार पानंही एकदम मांडत नाही. तसंच हजार-हजार नोंदींची पंगत बसवायची. हजारच का? ठरलेला आकडा नाही. शंभरपासून सुरुवात करून वाढवत जावं, वेग वाढायचा थांबला की थांबावं.

“स्ट्रीमिंग चालू केलं, तरी मेमरी भरतेच!”

हे फार जणांकडून ऐकतो. बहुतेक वेळा रांग कुठेतरी परत खोलीत शिरलेली असते. आमची लॉगची ओळ हा एक नमुना. दुसरा: ‘एकूण नोंदी किती’ हे सुरुवातीलाच विचारणं. मोजायचं तर शेवटपर्यंत वाचावंच लागतं. तिसरा जरा लबाड आहे. नोंदी एकेक करून येतात, पण प्रत्येकीचा निकाल ‘शेवटी अहवालात लागेल’ म्हणून एका यादीत टाकला जातो. आत येणारी रांग शिस्तीत आणि मागच्या दारानं खोली भरतेय. निकाल फाइलीत लिहावेत, यादीत धरू नयेत.

आणि चौथा: वाचणारा भरधाव, बँक सावकाश. मधल्या रांगेला मर्यादा घातली नसेल तर वाचलेल्या नोंदी तिथं साचत जातात. केंद्रावरचे कॅन भरले आणि टँकर आला नाही, की मोजणारा हात आखडतो. सॉफ्टवेअरलाही तसं थांबायला शिकवावं लागतं. ते आपणहून थांबत नाही.

“फाइलच लहान तुकड्यांत मागवली तर?”

मागवता आली तर उत्तमच. केंद्रनिहाय फाइली आल्या असत्या तर हा लेखच झाला नसता. पण पाठवणारा पाठवेल तशी घ्यावी लागते हा या धंद्याचा स्वभाव. मग ‘आपणच कापू’ असं वाटतं. सीएसव्ही असेल, म्हणजे एका ओळीत एक नोंद, तर ओळी मोजून कापणं सोपं. (कुणाच्या पत्त्याच्या रकान्यात मध्येच नवी ओळ नसेल तर.) एक्सएमएल कापलं की सुरुवातीचा टॅग पहिल्या तुकड्यात आणि शेवटचा विसाव्यात, म्हणजे वीसही तुकडे अवैध.

बाइट मोजून कापणं त्याहून वाईट. यूटीएफ-८ ही अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं. ‘तुकाराम’मध्ये अशी सात चिन्हं, म्हणजे २१ बाइट. सुरी विसाव्या बाइटवर पडली तर ‘तुकारा’ उरतो आणि पुढे चौकोनात प्रश्नचिन्ह. इलाज आहे: यूटीएफ-८ ची रचनाच अशी आहे की मधला बाइट मधला म्हणून ओळखू येतो, त्यामुळे एक-दोन पावलं मागे सरकून नीट सांध्यावर कापता येतं. पण हे ठाऊक असणाऱ्यालाच.

एक्सेलचं विचारू नका. त्यात १०,४८,५७६ ओळींवर पान संपतं, आणि ती फाइल मुळात झिप केलेलं एक्सएमएलच असते. २० एमबीची दिसली तरी उघडली की कित्येक पट.

सगळी फाइल एकदम लागते अशी कामं

एकूण रक्कम काढायला सगळ्या नोंदी लागतात खऱ्या, पण हातात धरायला एकच आकडा पुरतो. आधीच्या बेरजेत पुढची मिळवायची. क्रम लावणं मात्र खरंच अवघड, कारण सगळ्यात लहान नोंद शेवटच्या ओळीतही असू शकते. त्याची युक्ती पेपर तपासणाऱ्या शिक्षकांना ठाऊक आहे. हजार उत्तरपत्रिका क्रमांकानं लावायच्या तर पन्नास-पन्नासचे गठ्ठे आधी आपापले लावायचे. मग सगळे गठ्ठे ओळीनं मांडून, दर वेळी वरवरच्या पत्रिकांत लहान क्रमांकाची उचलायची. टेबलावर उघडी असते फक्त प्रत्येक गठ्ठ्याची वरची पत्रिका. संगणकात गठ्ठे डिस्कवर, वरच्या नोंदी मेमरीत.

दुबार नोंदी शोधायच्या तर मी सरळ डेटाबेसच्या तात्पुरत्या तक्त्यात सगळं ओततो आणि उत्पादक-तारीख-वेळ यांच्यावर ‘दुसऱ्यांदा नको’ असा नियम लावतो. ज्याचं काम त्यानं करावं.

आणि फाइल पाच प्रणालींतून फिरवायची असेल तर ती फिरवूच नये. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये बॅग ठेवून आपण पावती खिशात घालून गावभर हिंडतो. तसं फाइल एका जागी ठेवून तिचा पत्ता फिरवायचा. उघडणं ज्याला गरजेचं आहे त्यानंच उघडावी.

आणि मध्येच बंद पडलं तर?

स्ट्रीमिंगची किंमत इथं मोजावी लागते, आणि ती कमी लेखू नये. सगळी फाइल आधी मेमरीत घेतली की एक फायदा होता: फाइल सदोष असेल तर एकही पैसा जाण्याआधी कळायचं. ओघानं वाचताना सदतिसाव्या लाखाला फाइल तुटकी निघाली, तर तोवर सदतीस लाख नोंदींचे पैसे गेलेले. पुन्हा पहिल्यापासून चालवली तर त्यांना दुप्पट पगार. उत्पादक तक्रार करणार नाहीत, संघ करेल.

म्हणून दोन गोष्टी केल्या. एक, प्रत्येक पंगतीनंतर ‘इथवर झालं’ अशी खूण डेटाबेसमध्ये, त्या पंगतीच्या पैशांसोबत एकाच व्यवहारात. खूण आणि पैसे दोन्ही तरी होतात, नाहीतर दोन्ही होत नाहीत. दोन, फाइल दोनदा वाचायची. पहिल्या फेरीत पैशाला हात लावायचा नाही. फक्त मोजायचं, बेरीज करायची आणि फाइलच्या तळाशी संघानं लिहिलेल्या एकूण नोंदी व एकूण रकमेशी ताडून बघायचं. जुळलं तरच दुसरी फेरी. दोनदा वाचण्यात वेळ जातो असा आक्षेप आमच्याच टीममधून आला. साध्या हार्डडिस्कवरूनही १.८ जीबी ओघानं वाचायला पाव-अर्धा मिनिट पुरतं. खरा वेळ बँकेकडे लिहिण्यात जातो.

आता मशीन परत ८ जीबीवर आणलंय. फाइल चालू असताना मेमरीचा आलेख करवतीच्या दातांसारखा वर-खाली होतो, पण ३०० एमबीच्या वर जात नाही. लॉगची ती ओळ काढली नाही, बदलली. ती आता फाइलचं नाव, आकार आणि नोंदींची संख्या लिहिते.

नवी पद्धत लागल्यावर तिसऱ्याच पगाराला काम पहिल्या फेरीत थांबलं. साठ लाखांच्या जागी एकेचाळीस लाख नोंदी, तळाची बेरीज गायब, शेवटची ओळ लिटरच्या आकड्यातच तुटलेली. एकही रुपया गेला नव्हता. संघात फोन लावला. साहेब म्हणाले, “हां, फाइल चढत होती तेव्हाच लाइट गेली. परत पाठवतो.”